आकाराम फौजीचं श्रीहरिकोटा

आकाराम फौजीला राग यायला एरवी कारण लागत नसे. चहात साखर जास्त पडली तरी यायचा, कमी पडली तरी यायचा. पण त्र्याण्णव साली धोंड्याच्या महिन्यात जो राग आला त्याला कारण होतं, आणि ते डेअरीवर दूध घालायच्या रांगेत तानुबाईच्या तोंडातून बाहेर पडलं होतं.

धोंड्याचा महिना म्हणजे घरोघरी जावयाचे लाड. रांगेत त्याच गप्पा चालल्या होत्या. कुणी किती धोंडे तळले, कुणाचा जावई कशावर रुसला. तानुबाई म्हणाली, "आकारामाच्या घरी बरं हाय बाई. जावई न्हाई, धोंडा न्हाई. पोरगी रॉकेट उडवती म्हणं! आगं, बिनलग्नाची पोर मद्रासच्या पल्याड समुद्राकाठी ऱ्हाती. काय करती, कुणासंगं ऱ्हाती, कुणी बघितलंय? बाप आपला मिशीला पीळ देऊन सांगतुया, रॉकेट!"

आकाराम मागंच किटली घेऊन उभा होता. बायका एकदम गप झाल्या तसं तानुबाईनं वळून बघितलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "तुमाला न्हवं म्हनत, भावजी."

मग कुणाला म्हणत होती? गावातल्या आणखी कुणाची पोर गेली होती रॉकेट उडवायला? आकारामानं किटली ओट्यावर आपटली. दूध ओट्यावरून वाहत गटारात गेलं आणि तो रिकाम्या हातानं तरातरा घरी आला. बायकोनं, बनुबाईनं विचारलं, "दूध घातलं का?" तर म्हणाला, "गावाच्या मढ्यावर घातलं."

गाव म्हणजे पाणमळेवाडी. कराडला सायकलनं जाऊन यावं एवढ्यावर. ऊस भरपूर आणि त्याहून जास्त तोंडं. आकारामानं सगळी नोकरी फौजेत पूल बांधण्यात घालवली होती. दीपमाला एकुलती एक. कराडच्या इंजिनीअरिंग कॉलेजात वर्गात पोरी मोजून तीन, त्यातली एक ती. तिथून परीक्षा दिली आणि श्रीहरिकोट्याला लागली. रॉकेट जिथून सोडतात त्या जागेवर, त्या लोखंडी मनोऱ्याच्या कामावर. हे आकाराम गावात शंभरदा सांगून बसला होता. लोक मान डोलवायचे आणि पाठ फिरली की हसायचे. आता त्याला कळलं की सांगून उपयोग नाही, दाखवलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो ज्ञानूकडं गेला. ज्ञानूचा मांडव आणि लाऊडस्पीकरचा धंदा होता, एसटीच्या थांब्यावर फोनचा बूथ होता, आणि गणेश मंडळाचा अध्यक्षही तोच होता. गावात जे जे मोठ्यानं बोलतं ते ज्ञानूचंच असायचं.

"औंदाचा देखावा मी करनार," आकाराम म्हणाला. "श्रीहरिकोटा."

"आवं तात्या, आमी राक्षसाचा वध ठरवलाय. मुंडकं उडतंय, लाल पाणी उडतंय."

"राक्षस ठेव तुझ्या घरात. माझी पोर जिथं काम करती ती जागा गावाला दाखवायची हाय. सामान माझं, मेहनत माझी. तू फकस्त मांडव घाल."

सामान फुकट म्हटल्यावर ज्ञानूचा राक्षस तिथल्या तिथं मेला.

धोंड्याच्या महिन्यामुळं गणपती महिनाभर लांबले होते, तेवढा वेळ आकारामाला मिळाला. मागच्या दिवाळीला दीपमालानं अंगणात बसून उसाची कांडकी एकावर एक रचून दाखवली होती. खालचं जाडजूड कांडकं पेटतं, संपलं की गळून पडतं, मग वरचं पेटतं. ते त्याच्या डोक्यात पक्कं होतं. बाकीचं पेपरातल्या फोटोवरून. त्यानं पोरीला चिठ्ठी लिहून मापं मागितली, तर तिचं उत्तर आलं की आबा, असलं काही लिहायचं नसतं, तुम्ही आपला राक्षस करा. त्याचाही त्याला राग आला. मग फोटोतला माणूस केवढा दिसतो, त्याच्या मानानं मनोरा किती माणसं उंच, असा हिशोब लावून त्यानं सगळं पंचविसाव्या हिश्शाएवढं लहान करून बांधायला घेतलं. पूल बांधणाऱ्याला एवढं येतंच.

गोठ्यातल्या म्हशी शेजारी बांधल्या आणि गोठ्यात श्रीहरिकोटा उभं राहायला लागलं. मनोरा लोखंडी पट्ट्यांचा, दोन पुरुष उंच. त्यात मजल्यामजल्याला माचण, माचणाला कठडे, कठड्याला जिने. मनोरा मागं सरकायला खाली रूळ, ते जुन्या खिडकीच्या गजांचे. रॉकेट पत्र्याचं, पुरुषभर उंचीचं, कमरेला सहा नळकांडी बांधलेलं. तारेनं वर ओढायला सायकलचं चाक. भोवती वाळू, सरूची झाडं म्हणून शेवग्याच्या डहाळ्या, आणि पलीकडं निळ्या ताडपत्रीचा समुद्र. बनुबाई रोज जेवायला हाका मारून थकायची. "पोरीच्या लग्नाला एवढं राबला असता तर नातू खेळला असता," ती म्हणायची, आणि आकाराम हातोडी आपटायचा.

ज्ञानू अधूनमधून येऊन सूचना करायचा. समुद्रात कारंजं करूया. मनोऱ्यावर रंगीत बल्बांची माळ सोडूया. रॉकेटवर उंदीर बसवूया.

"तिथं हाय का उंदीर?" आकाराम ओरडायचा. "जे तिथं हाय ते हितं. जे तिथं न्हाई ते हितं न्हाई. सुताचा फरक चालायचा न्हाई मला!"

एवढं बोलणाऱ्या माणसानं शेवटी एक फरक स्वतःच केला. गणपती कुठं बसवायचा हा प्रश्न आला तेव्हा ज्ञानू म्हणाला, नेहमीसारखा बाजूला चौरंगावर बसवू. आकाराम म्हणाला, न्हाई. रॉकेट जिथनं उडतं त्या चौथऱ्यावर, रॉकेटच्या पायाशी. त्याच्या मनात काय होतं ते उघड होतं. गाव गणपतीला हात जोडणार. तानुबाईसुद्धा जोडणार. मग जोडू दे पोरीच्या रॉकेटसमोरच.

गोठ्यातलं सगळं सुटं करून मांडवात परत उभं केलं. चतुर्थीला कराडहून गुरुजी आले आणि त्या चौथऱ्यावर गणपतीची प्रतिष्ठा झाली. संध्याकाळी पहिला खेळ. ज्ञानूनं माईकवर उलटे आकडे मोजले, मनोरा खडखडत मागं सरकला, खाली लाल बल्ब पेटले, धुपाचा धूर निघाला आणि पत्र्याचं रॉकेट तारेवरून सरसर वर जाऊन मांडवाच्या कापसाच्या ढगात शिरलं. पोरांनी मांडव डोक्यावर घेतला. म्हातारी माणसं तोंडं उघडी टाकून बघत राहिली. आणि तानुबाईनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

"ह्येच काम करती व्हय दीपमाला?" ती म्हणाली. "लय मोठं काम हाय की गं बाई!"

 घरी जाताना आकारामाची पावलं फौजेतल्यासारखी पडत होती आणि त्या रात्री त्यानं बनुबाईच्या भाजीला नाव ठेवलं नाही.

खरं रॉकेट दुसऱ्या दिवशी सकाळी उडणार होतं. पेपरात तसं आलं होतं. एवढ्यावर गप बसेल तर तो आकाराम कसला? त्यानं ज्ञानूला सांगून दुपारच्या बातम्यांना रेडिओ थेट लाऊडस्पीकरला लावला. सगळ्या वाडीनं ऐकलं पाहिजे. माणसं रानातनं घरी जेवायला आली होती ती मांडवात जमली. आकाराम कडक इस्त्रीचा सदरा घालून गणपतीशेजारी उभा राहिला, खिशात पेढ्यांचा पुडा.

रेडिओवरच्या बाईनं बातम्या वाचल्या. रॉकेट उडालं. आकाराम पेढ्यांच्या पुड्याचा दोरा सोडायला लागला. पण बाई थांबली नव्हती. रॉकेट वाटेतच भरकटलं आणि बंगालच्या उपसागरात कोसळलं. मग लगेच दुसरी बातमी सुरू झाली, कुठल्यातरी मंत्र्याच्या दौऱ्याची.

 चारही कर्ण्यांतून मंत्र्याचा दौरा गावभर वाजत राहिला. आणि मागनं कुणीतरी बोललं, "काय करायचं गड्या, दीड दिसाचा गणपती. बुडवलाच."

एकजण फिसकन हसला, मग दुसरा, मग सगळा मांडव. पोटं धरून हसले लेकाचे. काल ज्यांनी हात जोडले होते तेच आज एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. आकारामाचं तोंड तांबडंलाल झालं. "कोन बोललं? म्होरं ये तिच्यायला!" तो गरजला. पुढं कोण येतंय?

तेवढ्यात बूथवरनं पोरगं पळत आलं. दीपमालाचा फोन होता.

आकाराम तसाच ताडताड थांब्यावर गेला. मागोमाग निम्मा मांडव. बूथच्या काचेला नाकं लावून उभी राहिली माणसं. त्यानं रिसिव्हर उचलला. पलीकडनं "आबा" एवढंच आलं, तेही बसलेल्या आवाजात.

"पडलंच कसं गं?" आकाराम ओरडला. "आँ? एवढी शिकलेली मानसं काय करत हुती तिथं? तू काय करत हुतीस? हितं गाव तोंडात शेण घालतंय माझ्या!"

पलीकडं नुसता समुद्रासारखा आवाज येत होता. मग फोन कट झाला. "लाईनच धड न्हाई," आकाराम ज्ञानूवर खेकसला. "कसला बूथ चालवतुयास?"

तिथनं तो सरळ मांडवात आला, पाना आणि हातोडी घेऊन. सगळं आत्ताच्या आत्ता उतरवून टाकायचं. पण पहिला नट सोडवायच्या आत चार म्हातारे आडवे आले. आरतीला आलेले गुरुजीही तिथंच होते. ते म्हणाले, "फौजी, हे भलतं करू नका. चौथऱ्यावर देव बसलाय. प्रतिष्ठा झालेली मूर्ती विसर्जनाच्या पूजेशिवाय जागची हलवता येत नाही. आणि मूर्तीच्या डोक्यावर हातोडे चालवायचे नाहीत. अनंत चतुर्दशीपर्यंत हे असंच राहणार."

देव तिथं बसवा म्हणून हट्ट कुणी धरला होता? आकारामानंच. स्वतःच्या हातानं खुंटी ठोकून स्वतःलाच बांधून घेतलं होतं. तो हातोडी टाकून घरी गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.

ज्ञानूनं मात्र मांडवाचं दार उघडंच ठेवलं. त्याला कळलं होतं की उडणारं रॉकेट आता कुणी बघणार नाही. त्यानं तारेला आणखी एक दोरी लावली. आता आकडे मोजले की रॉकेट वर जायचं, ढगापाशी अडखळायचं, गिरकी घ्यायचं आणि धाडकन निळ्या ताडपत्रीच्या समुद्रात पडायचं. समुद्रात ज्ञानूनं खरंच पाणी भरलं होतं. धपाक् आवाज झाला की ढोल वाजायचा आणि माईकवर ज्ञानू ओरडायचा, "गेलं गेलं गेलं!" हा हा म्हणता बातमी पसरली. शेजारच्या वाड्यांतनं ट्रॅक्टर भरून माणसं यायला लागली. कराडवरनं मोटारसायकली आल्या. रांग पार पाराच्या पुढं गेली.

तिसऱ्या दिवशी आकारामानं जाऊन ज्ञानूची गचांडी धरली.

"लाज न्हाई वाटत? तुझी भन असती तिथं तर?"

"सोडा तात्या, सोडा! मी काय खोटं दावतुया का?" ज्ञानू धडपडत म्हणाला. "जे तिथं झालं तेच हितं. तुमीच म्हनत हुता, सुताचा फरक चालायचा न्हाई."

आकारामाची मूठ तिथंच थांबली. सोडवायला आलेली माणसंही हसत होती. ह्या गावाला आग लावावी, एकेकाच्या रानातला ऊस पेटवून टाकावा, असं त्याला झालं. पण करता काय? तो परत आला आणि बनुबाईवर ओरडला, की तूच पोरीला शिकू दिलंस.

"मी दिलं?" बनुबाई पिठाच्या हातानं उठली. तीही आता तापली होती. "हॉस्टेलवर तिची पेटी कुनी न्हेऊन ठिवली? गावभर ढोल कुनी बडवला? पोरीनं काय सांगितलं हुतं का तुमाला गोठ्यात रॉकेट बांधा म्हनून? आता गप बसा. उद्या गवरी यायच्यात आन् पोरबी येतीया. तिच्यासमोर ह्यो तमाशा नको."

दीपमाला येणार म्हटल्यावर आकारामाला एकच घोर लागला. तिनं मांडव बघता कामा नये. तो दुपारपासून एसटीच्या थांब्यावर उभा राहिला. ती उतरली तेव्हा त्यानं तिच्या तोंडाकडं नीट बघितलंसुद्धा नाही. बॅग हिसकावून घेतली आणि म्हणाला, "चल, मळ्याच्या वाटनं जाऊ."

"मळ्यानं कशाला? चिखल असंल."

"चल म्हनतो तर चल!"

पण लाऊडस्पीकर थोडाच मळ्यानं जातोय? चार पावलं गेले नाहीत तोवर ज्ञानूचा आवाज आला. उलटे आकडे. दीपमाला थांबली. तिनं एकवार बापाकडं बघितलं आणि सरळ मांडवाच्या दिशेनं चालू लागली. आकाराम मागनं हाका मारत राहिला.

ती गर्दीत मागं उभी राहिली. मनोरा सरकला. लाल बल्ब पेटले. रॉकेट वर गेलं, अडखळलं, गिरकी घेऊन पाण्यात आपटलं. "गेलं गेलं गेलं!" आणि ढोल. माणसं खदखदा हसली. मग कुणाचंतरी लक्ष गेलं, त्यानं शेजारच्याला कोपर मारलं, आणि हसू मागनं पुढं विझत गेलं. पुढं बसलेल्या तानुबाईनं वळून बघितलं.

"आगं दीपमाला, कवा आलीस?" ती तोंडभरून म्हणाली. "तुजंच चाललंय बघ हितं."

झालं. आकारामाचा बांध फुटला. तो गर्दी चिरत पुढं गेला आणि चौथऱ्यावर चढून बेंबीच्या देठापासून ओरडायला लागला. "हसा! हसा की आता! हिच्या तोंडाकडं बघून हसा! तुमच्यातल्या एकाची तरी पोर गेली का सातवीच्या पल्याड? तुमी जलमभर उसाच्या पाचटात लोळनार आन् मरनार! ए ज्ञानू, बंद कर त्यो माईक, न्हाईतर त्योच घालीन तुझ्या नरड्यात! माझ्या पोरीची इज्जत काय रस्त्यावर पडलीया व्हय रं?"

"आबा, खाली या," दीपमाला म्हणाली.

"तू मदी बोलू नगंस!"

"खाली या म्हनते ना!" असा आवाज तिनं बापासमोर कधी काढला नव्हता. आकाराम खाली आला. ती त्याच्याकडं न बघता घराकडं निघाली. तो मागनं, तिची बॅग घेऊन, अजून धुसफुसत.

घरात बनुबाईनं तिला जवळ घेतलं, तोंडावरनं हात फिरवला, ताट वाढलं. दीपमाला पाटावर बसली पण तिनं घास घेतला नाही. आकाराम उंबऱ्यात उभा राहून बोलतच होता. तानुबाईला काय करीन, ज्ञानूला काय करीन, विसर्जन झालं की एकेकाला कसा बघून घेईन. "माझ्या पोरीला हसत्यात म्हंजे काय!"

"आबा," दीपमाला म्हणाली. "ती हसत्यात. हसू द्या. ती माझी कोन हायती?"

"आसं कसं कोन हायती? गावात तोंड दावायचं हाय आपल्याला."

"तुमाला दावायचं हाय," ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज चढत गेला. "तिकडं सगळी रडत हुती त्या दिवशी. मोठी मोठी मानसं भिताडाला टेकून रडत हुती. माझ्या खोलीतल्या पोरी जमिनीवर बसून रडत हुत्या. मी न्हाई रडले. म्हटलं, घरी फोन लागूंदे, आबांचा आवाज ऐकू आला की मंग रडू. दुपारपातूर रांगेत उभी ऱ्हायले मी फोनसाठी. आन् तुमी काय इचारलं? पडलंच कसं गं. तू काय करत हुतीस. सगळ्या गावासमोर!"

"आगं, पर मी—"

"तानुबाईनं माझी थट्टा केली. तिला मी कोनी न्हाई. तुमी तर बाप हायसा! तुमाला मी पायजेच न्हवते, तुमाला उडनारं रॉकेट पायजे हुतं. त्ये पडलं तसं तुमी मला बी पाडलं. मी त्याच दिवशी ठरवलं हुतं, ह्या घरी पाय टाकायचा न्हाई. आयेनं निरोप धाडला म्हनून आले. उद्याच्या गाडीनं जानार."

  आकाराम ओरडायची सवय असलेला माणूस, त्याच्या ओठांवर दोन-तीन शिव्या आल्या, पण त्या सगळ्या दुसऱ्या कुणाला घालायच्या होत्या. इथं त्या चालणार नव्हत्या. बाहेर पुन्हा ज्ञानूचा आवाज सुरू झाला, पुन्हा आकडे, पुन्हा धपाक्, पुन्हा हसू.

आकारामानं दार लावलं. बॅग अजून त्याच्या हातात होती, ती त्यानं कोनाड्यापाशी ठेवली. मग पोरीच्या समोर येऊन जमिनीवरच बसला. ती आल्यापासून पहिल्यांदा त्यानं तिच्या तोंडाकडं नीट बघितलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. गालाची हाडं वर आली होती.

"कसं पडलं त्ये ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तुला काय काय झालं त्ये सांग."

दीपमालानं ताट पुढं ओढलं.

"आधी मला जेवू द्या," ती रागानंच म्हणाली.

आकाराम बसून राहिला. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, दुधात बुडवला, आणि घास तोंडात घेऊनच ती रडायला लागली.  बनुबाई म्हणाली, "आवं, तुमाला बी वाढू का?" तर त्यानं मानेनंच नको म्हटलं. आधी तिचं होऊ दे.